योन्नाला सगळं कळायचं

योन्ना केल्गोरच्या घरी रोज चार पोरं असायची, आणि तरी बाहेरून जाणाऱ्याला वाटावं की घरात कोणी नाही. फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत आत घुसलेल्या समुद्राच्या, काठावरच्या त्या गावात तिच्या पाळणाघराचा बोलबाला होता तो याचसाठी. इतर बायकांकडे पोरं पाण्यासाठी भोकाड पसरायची, खेळण्यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटायची, जेवणाच्या टेबलावर चमचे आपटायची. योन्नाकडे तशी वेळच यायची नाही. पोराची मान जरा कपाटाकडे वळली की बिस्किट हातात. डोळे जरा जड झाले की पोर अंगणातल्या बाबागाडीत, पांघरुणाखाली. "योन्नाला सगळं कळतं," असं आया एकमेकींना सांगायच्या, आणि तिच्याकडे जागा मिळावी म्हणून पोर पोटात असल्यापासून नगरपालिकेत खटपट सुरू करायच्या.

योन्नालाही हे ठाऊक होतं. तोंडाने ती "छे, त्यात काय एवढं" म्हणायची, पण म्हणताना तिची हनुवटी जराशी वर जायची.

डेन्मार्कच्या पश्चिम युटलंडमधल्या त्या किनाऱ्यावर माणसं मुळातच शब्द जपून वापरतात. तिचा नवरा क्रेस्टन जन्मभर मासेमारीच्या बोटीवर होता. त्याच्या तोंडून "वाईट नाही" एवढं निघालं की मेजवानी झकास झाली असं धरायचं. तो चौथ्या वर्षी बोलायला लागला, हे त्याची आई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची. आमच्यातली माणसं उगीच तोंड उघडत नाहीत, असा त्या सांगण्याचा रोख. बडबड करावी ती कोपनहेगनच्या लोकांनी. योन्ना याच हवेत वाढली. पुढे जे झालं त्याला ही हवा थोडी कारणीभूत आहेच, पण सगळा दोष हवेवर ढकलून तिची सुटका झाली नाही.

विग्गा तिच्याकडे आली तेव्हा वर्षाचीही नव्हती. तिची आई मायकेन स्वतः लहानपणी याच पाळणाघरात वाढलेली. मागच्या दाराशी खुंट्यांची जी रांग होती, त्यातल्या खिडकीजवळच्या खुंटीवर एके काळी मायकेनचा कोट असायचा, आता विग्गाचा असे. मायकेनचा योन्नावर जेवढा विश्वास होता तेवढा डॉक्टरवरही नव्हता. ती वृद्धाश्रमात कामाला होती, आणि नवरा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर, एकदा गेला की दोन-दोन आठवडे घराबाहेर. पोर जागेपणीचा बहुतेक वेळ योन्नाकडे.

आणि पोर किती गुणी. रडणं नाही, हट्ट नाही. तहान लागली की कानाची पाळी ओढायची. झोप आली की बाहीवर नाक घासायची. बूट, मोजे, टोपी, जे काही अंगावर नको असेल त्यासाठी मुठीने गुडघा ठोकायची, टकटक, दार वाजवल्यासारखा. या खुणा तिला कोणी शिकवल्या नव्हत्या. तिने केल्या, योन्नाने ओळखल्या, आणि दोघींचं छान जमून गेलं. दर आठवड्याला गावोगावच्या पाळणाघरवाल्या आपापली पोरं घेऊन खेळघरात जमायच्या, तिथे योन्ना हे बायकांना करून दाखवायची. "बघ, आता कान ओढेल." विग्गा कान ओढायची. योन्ना पाण्याचा पेला पुढे करायची. बायका हसायच्या.

एक हेनरिएट मात्र हसण्यात नसायची, कारण तिचं तोंड रिकामं नसायचं. ही शेजारच्या गावची, या कामात नवी, आणि पोरांशी दिवसभर बोलत सुटायची. "आता आपण मोजा घालतोय. हा डावा पाय. अरे, अंगठा कुठे गेला? हा बघ अंगठा." सहा महिन्यांच्या पोरालासुद्धा ती प्रश्न विचारायची आणि उत्तराची वाट बघत बसायची. योन्ना घरी येऊन क्रेस्टनला म्हणायची, "त्या बाईकडे रेडिओ लावायची गरज नाही."

विग्गाला दोन वर्षं होऊन गेली आणि वसंतात एका दुपारी मायकेन तिला न्यायला आली, ती बूट चढवून झाले तरी दारातच घुटमळली.

"योन्ना, एक विचारू? समोरच्या घरातली ती एलिसा आहे ना, विग्गापेक्षा लहान आहे. ती 'आई ये', 'अजून दूध' असं म्हणते. आमची अजून 'नाही' आणि 'दे' यापुढे जात नाही. नगरपालिकेच्या नर्सला फोन करू का मी?"

"नर्सला? कशाला?"

"बघून घेईल एकदा. कानबीन."

"कान तिचे तुझ्या-माझ्यापेक्षा तिखट आहेत. खाऊचं पुडकं उघडलं की अंगणातून येते." योन्नाने विग्गाच्या टोपीचा बंद बांधला. "अगं, सगळं कळतं तिला. कळतंय तर बोलेलच. आमच्या क्रेस्टनचं बघ."

"क्रेस्टन अजून तरी कुठे बोलतो," मायकेन म्हणाली, आणि दोघी हसल्या.

"थांब जरा. नाताळपर्यंत अशी बोलायला लागेल की तू म्हणशील, योन्ना, हिचं बंद करायचं बटण कुठे आहे. आणि तूही काही फार बोलकी नव्हतीस हं."

मायकेनच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ती मोकळ्या मनाने गेली. पहिलटकरणीला धीर दिला म्हणून योन्नालाही बरं वाटलं. ते बरं वाटणं पुढे तिला फार छळणार होतं.

नगरपालिकेची देखरेख करणारी बाई अधूनमधून यायची. तिनेही उन्हाळ्यात विग्गाबद्दल विचारलं. योन्नाने उत्तर न देता प्रात्यक्षिकच करून दाखवलं. "विग्गा, लाल पेला आण बरं." विग्गा उठली, ओट्याजवळ गेली आणि लाल पेला घेऊन आली. "वा," बाई म्हणाली, कॉफी प्यायली आणि गेली. आपण बोलताना ओट्याकडे बघितलं होतं, हात अर्धा पुढे केला होता, हे योन्नाच्या ध्यानातही आलं नाही.

शरद ऋतूत योन्नाच्या पित्ताशयातल्या खड्यांनी उचल खाल्ली आणि तिची शस्त्रक्रिया झाली. पाळणाघरवाली आजारी पडली की तिची पोरं दुसऱ्या पाळणाघरांत पाहुणी म्हणून वाटून दिली जातात, तशी रीतच आहे. विग्गा हेनरिएटच्या वाट्याला आली. योन्ना घरी सोफ्यावर पडून मनात म्हणाली, पोरीचे कान किटतील आता.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी हेनरिएटचा फोन आला.

"योन्ना, बरी आहेस ना? तुला त्रास द्यायचा नव्हता. पण विग्गाच्या टाचेची सालटी निघाली आहेत. मायकेनने घरी नेऊन मोजा काढला तेव्हा कळलं. बुटात शिंपल्याचा तुकडा होता."

"कधीपासून?"

"सकाळपासून असणार. आम्ही चालत बंदरापर्यंत गेलो होतो आणि परत. मला पत्ताच नाही गं. सुरुवातीला जरा रडली, मग गप्प झाली. सारखी गुडघा ठोकत होती. मला वाटलं, तुमच्याकडचा काहीतरी खेळ असेल. मग आम्ही सगळेच गुडघे ठोकायला लागलो. पोरं काय खूश झाली. गाणंसुद्धा म्हटलं मी त्यावर."

योन्नाच्या पोटातले टाके ओढले गेले. ती उठून बसली होती.

"ती बूट काढ म्हणत होती," ती म्हणाली.

हेनरिएट म्हणाली, "मला कसं कळणार होतं ते? बरं, उद्यासाठी सांगून ठेव. तहान लागली की काय म्हणते?"

"कान ओढते."

"झोप आली की?"

"बाहीला नाक घासते."

"कोणी मारलं, लागलं, तर?"

"माझ्याकडे येऊन कपाळ टेकते. मग मी बघते कुठे लागलंय ते." योन्ना सांगत गेली. बाहेर जायचं असेल तर तळहात वर, तिचा कापडी ससा हवा असेल तर कुशी खाजवते, मटण-कलेजीचा लगदा पावावर नको असेल तर पाव उलटा करते. सांगताना सुरुवातीला तिचा आवाज जुन्या सवयीने जरा चढला होता. मग तो तिचा तिलाच ऐकू यायला लागला.

"हे सगळं हातांचं झालं, योन्ना," हेनरिएट हळू आवाजात म्हणाली. "शब्द कोणते आहेत तिच्याकडे?"

योन्नाने तोंड उघडलं. नाही. दे. आणखी काहीतरी नक्की होतं. ती शोधत राहिली. शेवटी म्हणाली, "तुझ्याकडे नवखी आहे, म्हणून बुजते." आणि फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर तिला हेनरिएटचा राग आला, मग शिंपल्याचा आला, मग उरला तो स्वतःचाच आला. एक पोर दिवसभर लोकांसमोर दार ठोकत होतं आणि लोक ताल धरत होते. ती भाषा जगात एकाच माणसाला येत होती, आणि त्या माणसाने ती खेळघरात मिरवली होती.

सकाळी तिने मायकेनच्या घरी जायला क्रेस्टनला गाडी काढायला लावली. डॉक्टरांनी हलू नको म्हणून बजावलं होतं, तरी त्याने कारण विचारलं नाही. अर्ध्या वाटेत योन्नाच म्हणाली, "तूसुद्धा उशिरा बोललास. आणि झालंच ना सगळं नीट."

क्रेस्टनने गाडीचा वेग कमी केला. "आई सांगायची ते तिचं झालं," तो म्हणाला. "मी गप्प होतो कारण मला शब्द सापडायचे नाहीत. शाळेत मास्तर विचारायचे, पोरं खिदळायची, आणि मी खिडकीबाहेर बघायचो. पुढे बोटीवर गेलो, तिथे कोणी विचारत नाही, म्हणून बरं वाटलं. तुम्ही त्याला स्वभाव म्हणालात. मी पण म्हटलं, असू दे."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण एवढं तो सलग कधी बोलला नव्हता. योन्नाने त्याच्याकडे बघितलं. त्याची नजर रस्त्यावर होती.

मायकेनने रजा घेतली होती. विग्गा स्वयंपाकघरात जमिनीवर बसून डबे रचत होती, टाचेला पट्टी. योन्नाला बघताच ती लंगडत आली आणि तिच्या मांडीवर कपाळ टेकलं. योन्नाला तिथेच रडू फुटलं. कडक बाई ती, मायकेनने तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं.

"अगं, टाच आहे, बरी होईल," मायकेन म्हणाली.

"टाचेचं नाही. वसंतात तू मला विचारलं होतंस. मी थांब म्हणाले. मी चुकले, मायकेन. तू बरोबर होतीस आणि मी तुला हसण्यावारी नेलं."

मायकेनने कॉफी ओतली.

"मी विचारलं ते तुलाच का विचारलं, माहीत आहे?" ती म्हणाली. "नर्सचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. पण नर्स म्हणाली असती, घेऊन ये. तू म्हणणार, थांब. मला तेच ऐकायचं होतं. म्हणून तुझ्याकडे आले." तिने कपावरून वर पाहिलं. "पण म्हणून मी तुला माफ केलं असं समजू नकोस. तू तीस वर्षं पोरं सांभाळतेस. माझी ही पहिली आहे."

"नको करूस माफ," योन्ना म्हणाली. "फोन कर फक्त. आत्ता, माझ्यासमोर."

मायकेनने फोन केला.

आधी कान तपासले गेले. कान ठणठणीत निघाले. मग रिक्के नावाची स्पीच थेरपिस्ट आली, आणि पोर दिवसभर जिथे असतं तिथेच तिला बघायचं म्हणून ती योन्नाच्याच घरी आली. योन्ना तोवर हिंडूफिरू लागली होती. मायकेनही आली. रिक्के जमिनीवर बसली, विग्गाशी बराच वेळ नुसती खेळली, मग योन्नाला म्हणाली, "तिला काहीतरी आणायला सांग. पण हात मांडीवर ठेव आणि माझ्याकडे बघ. वस्तूकडे बघायचं नाही."

योन्नाने हात मांडीवर ठेवले. रिक्केच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "विग्गा, लाल पेला आण बरं."

विग्गा उठली आणि उभी राहिली. योन्नाच्या तोंडाकडे तिने पाहिलं, हातांकडे पाहिलं, पुन्हा डोळ्यांकडे पाहिलं. तिथे काही सापडेना, तशी ती जाऊन सगळ्यात जवळची वस्तू, एक मोजा, उचलून घेऊन आली आणि योन्नापुढे धरला. चेहरा असा की बरोबर आहे ना?

मायकेनने तोंडावर हात घेतला. योन्नाचे हात मांडीवरच होते. सगळं कळतं तिला, असं ती वर्षभर सांगत आली होती. पोर शब्द ऐकतच नव्हतं. ते योन्नाला वाचत होतं.

"हुशार आहे," रिक्के म्हणाली. "शब्दांवाचून इतकं निभावणं सोपं नसतं. म्हणूनच पटकन लक्षात येत नाही. रडणारं, आदळआपट करणारं पोर लोक माझ्याकडे घेऊन येतात. गुणी पोर मागे राहतं." तिने योन्नाला दोष दिला नाही. दिला असता तर योन्नाला सोसायला सोपं गेलं असतं.

मग काय करायचं ते तिने सांगितलं, आणि ते ऐकून योन्नाला वाटलं, ही मला माझे हात कापून ठेवायला सांगते आहे. कळलं तरी लगेच द्यायचं नाही. दूध आणि पाणी दोन्ही दाखवायचं, दोन्हींची नावं घ्यायची आणि थांबायचं. करत असशील ते बोलत राहायचं, हा मोजा, हा डावा पाय. योन्नाला हेनरिएट आठवली आणि तिची मान खाली गेली. पुढच्या खेळघराच्या दिवशी ती हेनरिएटच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "मला जरा शिकव. मला मोज्याशी काय बोलायचं ते सुचत नाही." हेनरिएट आधी चाट पडली, मग तिने शिकवलं. क्रेस्टन घरी ऐकायचा, बायको बटाट्यांशी बोलते आहे, आणि म्हणायचा, "वाईट नाही."

तो हिवाळा कठीण गेला. विग्गा कान ओढायची आणि योन्ना पेला हातात धरून बसून राहायची. "पाणी? की दूध?" विग्गा पुन्हा कान ओढायची, जोरात, पाळी लाल होईस्तोवर. मग ती योन्नाकडे अशी बघायची की योन्नाला नजर चुकवावीशी वाटे. जगातलं एकमेव माणूस जे तिची भाषा बोलत होतं ते अचानक बहिरं झालं होतं. शांत, गुणी विग्गा जमिनीवर लोळून रडायला शिकली. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय गं योन्ना, तुझ्याकडे आणि रडारड?" योन्ना म्हणाली, "हो, असू दे." नाताळ आला आणि गेला. बटण कुठे आहे असं विचारायची पाळी कोणावर आली नाही. थोडे शब्द आले, अर्धेमुर्धे, घरच्यांपुढे, तेही रिक्केने शिकवलेल्या खेळात. परक्यापुढे एकही नाही. उशीर झाला आहे, हे रिक्के स्पष्ट बोलत नव्हती, पण लवकर आली असती तर, असं एकदा तिच्या तोंडून निघालं आणि तिने वाक्य तिथेच सोडलं. ते सोडलेलं वाक्य योन्नाने घरी नेलं.

विग्गा तीन वर्षांची झाली आणि पाळणाघरातून बालवाडीत जायची वेळ आली. घराला छोटे झेंडे लावून, गोड पाव भाजून योन्नाने तिचा निरोप समारंभ केला, आणि दुसऱ्या दिवशी मायकेनबरोबर तीही बालवाडी दाखवायला गेली. टिल्डे नावाची तरुण ताई त्यांना दारातच भेटली. हसरी, पण गडबडीत. इथे बारा पोरं तिच्या एकटीच्या अंगावर.

"तू योन्ना ना? माझी धाकटी बहीण तुझ्याकडे होती. घरी म्हणायचे, तुला सगळं कळतं." तिने आवाज खाली आणला. "विग्गाच्या खुणा असतात म्हणे. सांगून ठेव ना. तहान लागली की काय करते, झोप आली की काय. मला सोपं जाईल."

योन्नाच्या जिभेच्या टोकावर सगळं होतं. कान, नाक, बाही, गुडघा. मग शिंपला आठवला. हिलाही कळलं नाही तर? पुन्हा पोर दिवसभर गुडघा ठोकत फिरलं तर? तिने मायकेनकडे बघितलं. मायकेनने काही मदत केली नाही. ती बघत होती, ही काय करते ते.

"एकच सांगते," योन्ना म्हणाली. "गुडघा ठोकायला लागली तर बूट काढून बघ. ते दुखण्याचं आहे. बाकी मी सांगणार नाही. तिलाच विचार. आणि विचारून झालं की थांब. तुला वाटेल त्यापेक्षा जास्त थांब."

नेमकं तेव्हाच विग्गाने कानाची पाळी ओढली. योन्नाकडे बघून.

टिल्डे उकिडवी बसली. "काय गं हवंय तुला, विग्गा?"

विग्गाने टिल्डेकडे पाहिलंच नाही. ती योन्नाच्या डोळ्यांत शोधत होती. योन्ना वळली आणि भिंतीवरच्या खुंट्यांकडे तोंड करून उभी राहिली. कोट, टोप्या, दप्तरं. एका रिकाम्या खुंटीवर विग्गाचं नाव लावून ठेवलेलं होतं. मागे शांतता होती आणि ती संपत नव्हती. कुठल्याशा खोलीत पोरं किंचाळत होती. टिल्डे थांबली होती, एवढं मात्र खरं.

"पा," मागून आवाज आला.

टिल्डे तरीही थांबली.

"पा-नी."

नळ सुरू झाला. पेल्यात पाणी पडलं. योन्ना खुंट्यांकडेच बघत राहिली. मायकेनला तिने महिनोन्‌महिने थांब म्हणून सांगितलं होतं, आणि त्या सगळ्या महिन्यांत या पोरीपुढे ती स्वतः एवढंसंही थांबली नव्हती. डोळे भरून आले होते, पण तिने ते पुसायला हात वर नेला नाही. हात हलला असता तर विग्गाला कळलं असतं. तिला योन्नाचं सगळं कळायचं.